परत आलेल्या शिपायाचे घर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "तुम्ही काहीतरी लिहाच" असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. कविता करणाऱ्या, पाककृती लिहिणाऱ्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु आपण साताऱ्याच्या मुलखातल्या बायका. आपल्यापैकी पुष्कळ घरांतला कोणी ना कोणी पलटणीत गेलेला आहे. लढायांचा इतिहास विद्वान लोक लिहितात. लढाई संपल्यावर शिपाई ज्या घरी येतो, त्या घराचा इतिहास मात्र बायकांनाच ठाऊक असतो. तो थोडाफार लिहावा असे मनात आले. वाचनालयातली पुस्तके आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेले, एवढीच माझी शिदोरी आहे.

साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव आपणा सर्वांना माहीत आहे. त्याच्या नावापुढे 'मिलिटरी' असा शब्दच लागतो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने तेथे स्तंभ उभारला. इतर पुष्कळ गावांत चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानसा दगड बसवलेला असतो. त्यावर १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले व त्यांपैकी इतके पडले, असे दोन आकडे असतात. मी हिशेबात फार हुशार नव्हते, पण वजाबाकी मला येते. गेलेल्यांतून पडलेले वजा केले की जे उरतात ते परत आलेले. त्यांच्याविषयी दगड काही सांगत नाही. ते कसे आले, कोणत्या अवस्थेत आले, त्यांना कोणी सांभाळले, हे त्यावर लिहिलेले नाही. माझा लेख या वजाबाकीत उरलेल्या लोकांविषयी आणि त्यांच्या घरांविषयी आहे.

पहिल्या महायुद्धाला आपल्याकडची जुनी माणसे 'बसऱ्याची लढाई' असेही म्हणत, कारण मराठा पलटणींतले पुष्कळ शिपाई बोटीने बसरा बंदरात उतरून इराकात लढले. तेथे कुत-अल-अमारा नावाच्या गावात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला तुर्की फौजेने डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला. त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली, आणि आपले किती तरी शिपाई धर्माच्या भीतीने ते मांस खाईनात. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. कैद झालेल्या शिपायांना भर उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेले. पुष्कळांना रेल्वेचा रस्ता तयार करण्याच्या कामावर लावले. हजारो वाटेतच किंवा कैदेत मेले.

आता त्यांच्या घरांकडे पाहू. शिपायाचा पगार त्या वेळी महिना ११ रुपये होता. त्यातला काही भाग मनीऑर्डरीने घरी येई. बाईला अक्षरओळख नाही. पत्र आले तर पोस्टमन किंवा मास्तर वाचून दाखवणार, आणि उत्तरही दुसऱ्याच्याच हाताने लिहिले जाणार. नवऱ्याला मनातले सांगायचे ते चार माणसांसमोर कसे सांगावे? शिवाय फौजेत प्रत्येक पत्र सरकारी माणूस वाचूनच पुढे पाठवी. तेव्हा दोन्हीकडून 'आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी' एवढेच जाई. कुतच्या कैद्यांच्या घरी तर तेवढेही येणे कठीण. कुंकू लावायचे की पुसायचे, हे न कळता त्या बायकांनी दोन-अडीच वर्षे काढली.

लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली. पण त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत आपल्याकडे इन्फ्लुएंझाची साथ भयंकर पसरली होती. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे मेली. त्याच वर्षी पाऊसही नीट झाला नाही. त्यामुळे १९१९ साली जे शिपाई घरी आले, त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत उलटेच झाले. जो मरणार असे वाटत होते तो जिवंत आला, आणि ज्यांच्या भरवशावर घर सोडून गेला ती आई, बायको, लेकरे साथीत गेलेली. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायलाही कोणी उरले नाही, अशा घरात त्याने पाऊल कसे टाकले असेल! अशा वेळी चुलती, भावजय, शेजारीण यांनीच त्याला जेवू घातले. त्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत.

आणखी एक गोष्ट आपण झाकून ठेवू नये. १९१७ साली सरकारला माणसांची गरज पडली तेव्हा १११ क्रमांकाची महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडून टाकली. सरकारचा गणवेश घातलेला माणूस गावी आला, आणि गावाने त्याला पुन्हा गावकुसाबाहेरच उभे केले. पाणवठा त्याला बंद तो बंदच. लढाईवरून आलेल्या माणसाला घर कितीही मायेने वागवील, पण गावच जर त्याला माणूस मानत नसेल तर घर एकटे काय करणार? १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, त्यात सैन्यातून निवृत्त झालेली मंडळीही होती यात नवल नाही. पुढे १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि ती आजही आहे. शिपायाचे स्वागत करायचे ते सर्वांचे सारखे करायचे, हे आपल्या मंडळाने या इतिहासातून घ्यावे.

हातपाय गमावलेल्या शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने एक शाळा निघाली. तीच पुढे खडकीला गेली, आणि 'क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट' म्हणून ओळखली जाते. नुसती पेन्शन देऊन माणूस उभा राहत नाही, त्याच्या हाताला धंदा पाहिजे, हा विचार त्यामागे होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. शरीराच्या जखमांची अशी थोडी तरी सोय होत गेली. मनाच्या जखमांचे काय? तोफेच्या आवाजाने माणूस हबकतो, थरथरतो, झोपत नाही, याला 'शेल शॉक' असे नाव विलायतेतल्या डॉक्टरांनी १९१५ सालीच दिले होते. परंतु ते नाव आपल्या गावांपर्यंत आले नाही. आपल्याकडे 'बाहेरचे लागले' असे म्हणून अंगारा लावत, किंवा 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून लांबून जात.

येथे मला आमच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. १९४६ साली नाव कमी होऊन ते परत आले. सातारा रोड स्टेशनवर उतरून चालत घरी आले. आजेसासूबाई मला पुष्कळ वर्षे लाभल्या. दुपारी निवडणे-टिपणे करताना त्या हे सांगत असत. आले त्या दिवशी पुरणपोळी झाली, गाव भेटायला आला. तिसऱ्या रात्री त्यांनी घोंगडी उचलली आणि गोठ्यात निजायला गेले. छपराखाली, दार लावून, त्यांना झोप येत नसे. घरातल्या बायांना वाटले, सून आवडत नाही म्हणून बाहेर निजतो. सून बिचारी एकवीस-बावीस वर्षांची. पण ती शहाणी होती. रात्री उठून तिने पाहिले, तर हे बैलाच्या पाठीला पाठ लावून बसलेले. तिने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या तोंडाशी तिने स्वतःचे अंथरूण टाकले आणि सासूला सांगितले, "गाय व्यायला झालीय, लक्ष ठेवायला निजते."

झोपेत त्यांना हात लावून उठवले तर ते दचकून समोरच्याचा गळा धरीत. एकदा लहान दिरावर तसा प्रसंग आला. तेव्हापासून आजेसासूबाईंनी घराला नियम घालून दिला, की त्यांना उठवायचे ते पायाकडून, लांबून, नावाने हाक मारून. आमच्या घरात आजही झोपलेल्या माणसाला कोणी एकदम हलवत नाही. मुलांना त्याचे कारण माहीत नाही, पण सवय राहिली आहे.

त्या काळी आमच्या शिवारात विहिरी खोदण्याचे काम जोरात होते. खडकाला सुरुंग लावत. सुरुंग उडाला की आजेसासरे हातातला नांगर सोडून सरीत पालथे पडत. बांधावरची पोरे हसत. आजेसासूबाई एके दिवशी पदर सावरून विहीरमालकाच्या दारात गेल्या. त्या काळी तरण्या सुनेने असे जाणे सोपे नव्हते. त्या म्हणाल्या, "दादा, तुमचं काम बंद ठेवा असं मी म्हणत नाही. पण बत्ती द्यायच्या आधी एक पोरगा आमच्या रानात धाडा. म्हणावं, आता आवाज होणार हाय." विहीरमालक भला माणूस. त्या दिवसापासून पोरगा पळत येऊन सांगू लागला. आवाज होणार हे आधी कळले की आजेसासरे बैल थांबवून, नांगराचा रुमणा घट्ट धरून उभे राहत. असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनीच पोराला सांगितले, "आता येत नको जाऊस, मला समजतं."

भगिनींनो, आज डॉक्टर लोक याला मोठी नावे देतात आणि सांगतात की एकदम धक्का बसू देऊ नका, आधी सूचना द्या, हळूहळू सवय होऊ द्या. माझ्या आजेसासूबाईंना सहीसुद्धा येत नव्हती. त्यांनी ते आपल्या बुद्धीने केले. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो विहीरमालकाचा पोरगा. घरच्या बाईने कितीही जपले, तरी सुरुंग शेजारच्या रानात असतो. शेजाऱ्याने साथ दिली म्हणूनच तिचे जपणे कामी आले.

त्याच इटलीच्या लढाईत, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीच्या काठी नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी आपल्या जखमी सोबत्यांना गोळीबारातून नदीपार आणले, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असे पदक मिळालेल्यांना जग ओळखते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या युद्धात वीस लाखांवर हिंदी सैनिक होते. युद्ध संपताच बहुतेकांची नावे कमी झाली. पेन्शनीला पंधरा वर्षांची नोकरी लागे, आणि यांची नोकरी चार-सहा वर्षांची. त्यामुळे पुष्कळांना पेन्शन नव्हती. पलटणीतला पगार बंद, जमीन भावांत वाटलेली, आणि घरात रात्री ओरडत उठणारा माणूस. ही घरे बायकांनी मोलमजुरी करून चालवली. त्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचे मानधन मिळू लागले ते फार उशिरा. तोवर कित्येक जण निघून गेले होते.

स्वातंत्र्यानंतर ७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ सालापासून पाळला जाऊ लागला. १९६२ साली चीनने आक्रमण केले, तेव्हा देशभर बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले, जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले. आपल्याच जिल्ह्याचे यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. जाणाऱ्या जवानासाठी आपला समाज भरभरून देतो, हे त्या वेळी दिसले. परंतु त्या लढाईत साडेतीन हजारांहून अधिक जवान चीनच्या कैदेत सापडले होते, आणि ते १९६३ च्या मे महिन्यापर्यंत परत आले. जिंकून आलेल्याला ओवाळणे सोपे असते. कैदेतून आलेला माणूस मान खाली घालून येतो. त्याला 'कसा सापडलास?' असे न विचारता ओवाळणे, ही खरी कसोटी आहे.

घराबाहेरच्या माणसाचा एक शब्दही किती काम करतो, याचे उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना पोहण्याचा व्यायाम सुचवण्यात आला. त्याच माणसाने १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. सरकारने त्यांना २०१८ साली पद्मश्री दिली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. १९७१ च्या युद्धानंतर खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी केंद्र निघाले. तेथील जवान चाकाच्या खुर्चीत बसून खेळतात, आणि तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारेही तेथे झाले.

१९९९ साली कारगिलची लढाई झाली तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन या गावात आले होते. आपल्याच वाडीतला एक जवान गुडघ्याखाली पाय गमावून परत आला. नाव लिहीत नाही, जुन्या सभासदांना माहीत आहे. स्टेशनपासून मिरवणूक काढली, हार घातले, फोटो झाले. पंधरा दिवसांनी त्या घरात फक्त त्याची बायको आणि तो राहिले. पैशाच्या कामासाठी ती एका कचेरीत गेली. कागदावर तिचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, म्हणून तिला तीन वेळा परत पाठवले. लग्नाची नोंद फौजेत 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये व्हावी लागते, हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. शेवटी मंडळाच्या त्या वेळच्या अध्यक्षबाई चौथ्या वेळी तिच्याबरोबर गेल्या आणि काम होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. त्या वर्षी तिचे सोयाबीन आपण आठ-दहा जणींनी आळीपाळीने काढले. मला वाटते, त्या मिरवणुकीपेक्षा बाकावर बसलेल्या अध्यक्षबाईंचे त्या घरावर जास्त उपकार आहेत.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. लढाईवरून आलेला माणूस कधी दारूच्या आहारी जातो, हात उगारतो. 'लढाईवरून आलाय, सोसलं पाहिजे' असे म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी पाठीवरचे वळ पदराखाली झाकले. हाही त्या वजाबाकीतलाच इतिहास आहे. शिपायाला समजून घेणे वेगळे आणि मार खाणे वेगळे. अशा घरातल्या बाईला आणि लेकरांना त्या रात्री शेजारी आसरा मिळाला पाहिजे, आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेले पाहिजे. दोन्ही करण्याने त्याचा मान कमी होत नाही.

आता काळ बदलला आहे. साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तेथले कल्याण संघटक अर्ज कसा करावा ते सांगतात. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा सरकारी 'टेली-मानस'चा फोन २०२२ सालापासून चालू आहे. तो फुकट आहे आणि आपल्या मराठीत बोलता येते. तरीही फोन करायला कोणीतरी शेजारी बसावे लागते. म्हणून मंडळाला माझ्या नम्र सूचना आहेत. ज्या घरचा जवान फौजेत आहे, त्या घरातल्या सुनेचे नाव, लग्नाची आणि मुलांची नोंद, बँकेचे पुस्तक हे तो नोकरीत असतानाच जुळवून घ्यावे. तो आला की पहिल्या आठवड्यात सत्कार करावाच, पण तिसऱ्या महिन्यात कोणी तरी जाऊन त्याच्या बायकोची विचारपूस करावी, कारण तोपर्यंत सगळे विसरलेले असतात. 'किती मारले?' असा प्रश्न त्याला कोणी विचारू नये, मुलांनाही तसे सांगून ठेवावे. लग्नाच्या वरातीत फटाके लावण्याआधी त्या घरी निरोप द्यावा. आणि त्याला नुसता पाहुण्यासारखा बसवू नये. गावात पाणीपट्टीचा हिशेब असो, यात्रेची व्यवस्था असो, काम त्याच्याकडे सोपवावे. माझ्या आजेसासऱ्यांचे हात बैलांच्या पाठीवर कधी थरथरले नाहीत, असे आजेसासूबाई सांगत.

गावच्या दगडावर दोनच आकडे आहेत, तिसरा कोणी कोरणार नाही. पण आपल्या मंडळाकडे एक वही आहे. हळदीकुंकवाचा आणि भिशीचा हिशेब आपण त्यात लिहितो. त्याच वहीची चार पाने आपल्या गावच्या परत आलेल्या जवानांसाठी आणि त्यांची घरे सावरणाऱ्या बायकांसाठी ठेवावी, वृद्ध भगिनी आहेत तोवर त्यांना विचारून नावे लिहून घ्यावी, अशी विनंती मी या वर्धापनदिनी करते. पहिले नाव माझ्या आजेसासूबाईंचे लिहावे असा माझा आग्रह नाही. पण त्यांच्या नावाशेजारी विहिरीवरून पळत येणाऱ्या त्या पोराचे नाव मात्र जरूर लिहावे. तो आज आपल्या गावातला सर्वांत वयस्कर माणूस आहे, आणि हे कोणी लिहून ठेवील असे त्याला वाटलेलेही नसेल.